सर्व्हिस मोटारीनं गढी पाहिली त्याची गोष्ट

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, मग मधेमधे नको. आणि एक आधीच सांगून ठेवते: चूक माझी नव्हती. घरातले सगळे अजून म्हणतात, माझीच होती. म्हणू देत! मी तेव्हाही ऐकलं नाही, आता या वयात काय ऐकणार?

तर त्या वेळी आम्ही चांद्याला राहत होतो. मालगुजारी-जमीनदारी जाऊन दोनचार वर्षं झाली होती, आणि मोठमोठे जमीनदार आपापल्या गढ्यांना कुलपं लावून नागपूरला राहायला गेले होते. आमच्या शेजारी कचेरीतले एक मोठे बाबू राहायचे. त्यांची बायको एकदा साहेबाच्या जीपमध्ये बसून मोहपल्लीची गढी पाहून आली. झालं! महिनाभर आमच्या आळीत दुसरा विषय नाही. तीनशे वर्षांची गढी काय, हत्ती जाईल एवढा दरवाजा काय, सागाचे कोरीव खांब काय! नळावर हंडा भरता भरता ती गढी बांधायची, आणि आम्ही आपल्या रिकाम्या हंड्यांसकट मागे उभ्या.

एक दिवस मी सहज म्हटलं, "मी पण जाऊन येते एकदा."

ती हसली. अशी हसली, की माझ्या टाळूला झोंबलं. म्हणाली, "जीप लागते जी तिथी जायले. सर्व्हिस मोटारीनं कोनी गढी पाहायले जाते का?"

आता तुम्हीच सांगा, एवढं ऐकून माणसानं घरात बसायचं? मी बसले नाही.

आमचे हे दौऱ्यावर होते. सासूबाईंना सांगितलं, तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "दगडं पाहायले कायले जाते? इथी सुपात कमी हायेत का?"

"मी जाणार," मी म्हटलं.

"एकटी?"

"भाऊजींना नेते."

भाऊजी म्हणजे माझे दीर, प्रभाकर. लग्नाचं वय झालेलं, पोस्टात नोकरी, दिसायला देखणे. पण बोलायचं म्हटलं की तोंडाला टाळं! घरात साप निघाला तरी हा माणूस आधी खाकरेल, मग इकडेतिकडे बघेल, आणि मग "वहिनी, मला वाटतं…" म्हणून थांबेल. त्यांना काय वाटतं ते आम्हाला आजवर कळलेलं नव्हतं. मी सकाळी त्यांच्या हातात पिशवी दिली आणि म्हटलं, "चला." ते चालले.

सर्व्हिस मोटार, म्हणजे गावोगावची माणसं भाड्यानं नेणारी तेव्हाची बस, तुम्ही पाहिली नसेल. पुढून दांडा घालून फिरवायची, मग ती खोकायची, मग थरथरायची, मग आत बसलेले सगळे थरथरायचे. माझ्या पायाशी मोहफुलांची टोपली, शेजारणीच्या मांडीवर कोंबडी, आणि त्या कोंबडीचा माझ्यावर काय राग होता कोण जाणे, सगळा रस्ताभर माझ्याच बांगड्यांवर चोच! मोटार हाकायला हाफिजभाई. मी चढतानाच त्यांना बजावलं होतं, "मोहपल्ली आली की ओरडून सांगा." ते म्हणाले, "फिकर नको करू बाई, मी हाये ना."

नाल्याजवळ मोटारीनं वाफ सोडली. पाणी आणून ओतलं, थंड केली, पुन्हा दांडा मारला. पुढं जंगल इतकं दाट की दुपार आहे की संध्याकाळ, समजेना. मी मात्र ताठ बसले होते. जीपवाल्यांना म्हणावं, बघा!

आणि मग हाफिजभाई ओरडले, "मोह–" आणि पुढचं इंजिनानं गिळलं.

मी उठले. "उतरा भाऊजी!"

भाऊजी खाकरले. बाहेर पाहिलं. "वहिनी, मला वाटतं…"

"वाटू दे! मोटार सुटेल. उतरा आधी!"

उतरलो. मोटार धूळ उडवत गेली. आणि धूळ खाली बसली तर समोर काय? गढी! काय म्हणता! उंच दगडी जोतं, मोठं लाकडी फाटक, सागाचे खांब, नवा चुना मारलेल्या भिंती. अंगणात सडा, सड्यावर रांगोळी! मी मनात म्हटलं, वा रे सरकार, गढी पाहायला येणाऱ्यांसाठी रोज रांगोळी घालतं की काय!

फाटकातून एक गृहस्थ धावतच आले. डोक्याला पागोटं, अंगात परीटघडीचा सदरा. "या जी, या! केव्हाची वाट पाहून राह्यलो आमी. मोटार उशिरा आली वाट्टे?"

"नाल्यावर पाणी घ्यायला थांबली," मी म्हटलं. "आम्ही पाहायला आलोय."

"माहीत हाये जी! त्याच्यासाठीच तर सारं घर सकाळपासून तयारीले लागलं."

बघा! शेजारणीनं हे काही सांगितलं नव्हतं. जीपमधून जाणाऱ्यांना असा मान मिळत नसणार, असं मी ठरवूनही टाकलं.

आम्हाला ओसरीवर गादीवर बसवलं. पाय धुवायला पाणी, प्यायला पाणी, पंख्यानं वारा घालायला माणूस. मालकीणबाई दाराआडून डोकावून गेल्या. गृहस्थांनी भाऊजींकडे पाहून विचारलं, "अन् हे?"

"हे माझे दीर. यांना पाहायची फार हौस," मी म्हटलं. आपलं असंच, बरं दिसावं म्हणून. भाऊजी कानापर्यंत लाल झाले.

ते गृहस्थ दाराकडे वळून बायकोला हळूच म्हणाले, "वय लय सांगितलं होतं वो, पन काई दिसून नाई राह्यलं!"

मला वाटलं, गढीचंच चाललंय. मी म्हटलं, "खरंच हो! राखलंय चांगलं."

"खानंपिनं चांगलं असलं का टिकते जी."

आता हे ऐकून माझ्या जागी तुम्ही असता तर चमकला असता, असं म्हणाल. पण मला ठाऊक होतं, जुने लोक चुन्यात गूळ आणि बेलाचा गर घालायचे. भिंतीला खाऊ घालायचे असंच म्हणतात! म्हटलं, माणूस जाणकार आहे.

"पण वय काय असेल हो नेमकं?" मी विचारलं.

"एकोनिसावं लागलं."

एकोणिसावं शतक! म्हणजे नळावरची ती तीनशे वर्षं शुद्ध थाप! मला एवढा आनंद झाला, की मी मोठ्यानं म्हणाले, "बस्स? मला तर फार जुनी सांगितली होती!"

त्यांचा चेहरा पडला. "कोनं सांगितलं जी? देवाशपथ, एकोनीसच! लोक जळते, काईबी उठवते."

"अगदी बरोबर बोललात! आमची शेजारीणच बघा ना. बरं, कुठं पडलीबिडली नाही ना कधी?"

"लहानपनी एकदा पडली होती झाडावरून. आता काई नाई. तुमी पाहालच की."

लहानपणी म्हणजे त्यांच्या लहानपणी, आणि झाड कोसळून भिंत पडली असेल, असा मी अर्थ लावला. माणूस एकदा अर्थ लावायला बसला की कशाचाही लावतो! भाऊजी मात्र खाकरले. "वहिनी, मला वाटतं…"

"थांबा हो जरा, महत्त्वाचं चाललंय."

मग आतून पोहे आले, करंज्या आल्या. एक मुलगी घेऊन आली, डोक्यावरून पदर, मान खाली. घरच्याच कुणाची असेल म्हणून मी तिच्या हातातून बशी घेतली आणि वर पाहत राहिले. काय तुळया होत्या! काय त्यांवरचं कोरीव काम! मुलगी तशीच समोर उभी. गृहस्थ म्हणाले, "पाहून घ्या जी नीट."

"पाहतेय ना! वा! अहो, काय देखणं आहे! आजकाल असं कुठं पाहायला मिळत नाही."

"मंग… पसंत?" त्यांनी विचारलं.

"पसंत म्हणजे? विचारताय काय! मी तर म्हणते, उचलून आजच घरी न्यावी!"

त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. गढीवर एवढी माया! मालकीणबाई धावत आल्या, मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. भाऊजींच्या कपाळाला टिळा, तोंडात साखरेची चिमूट. भाऊजी डोळे विस्फारून माझ्याकडे पाहताहेत. मी डोळ्यांनीच दटावलं, की खा मुकाट्यानं, जुन्या घराण्यांची रीत असते, नाही म्हणू नये.

तेवढ्यात त्या मुलीनं मला हात धुवायला मागच्या विहिरीवर नेलं. तिथं गेल्यावर तिनं पदर कमरेला खोचला आणि सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"बाई, एक विचारू? तुमी पाहून कोनाले राह्यल्या होत्या? माह्याकडं तर एकडाव नाई पाह्यलं."

"तुला कशाला पाहू? मी गढी पाहायला आले."

"कोनती गढी?"

"ही!"

"इथी तर आमी राह्यतो."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्या ओटीतल्या नारळाकडे पाहिलं. आणि मग ती पोरगी विहिरीच्या काठावर बसून जी हसायला लागली, पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी हसू थांबेना!

"बाई, मोहपल्लीची गढी अजून लय दूर हाये. हे मोहटोला! अन् आज मले पाहायले लोक येनार होते. तुमी मले पसंत करून बसल्या!"

माझ्या पायांखालची जमीन सरकली, हे मी कबूल करते. तेवढंच. बाकी काही कबूल करणार नाही.

मग तिचं हसू ओसरलं. नाव तिचं इंदू. नागपूरकडचा एक भातगिरणीवाला येणार होता. तिजवर. पहिली बायको वारली, दुसरी जाच सोसवेना म्हणून माहेरी पळून गेलेली. "मी मरून जाईन पन करनार नाई," ती म्हणाली. "पन बा ऐकत नाई. मालगुजारी गेली तवापासून त्याले भेव वाट्टे, का पोरगी घरातच राह्यली तर लोक हासतील. तुमी आल्या, हे एवढे साधे मानूस पाह्यले, तर मीच म्हटलं, सुटली मी! अन् तुमी तर तुळया पाहून राह्यल्या!"

मी काही बोलणार, तोच फाटकाकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. खरी मंडळी!

आता मी काय करायला हवं होतं? बाहेर जाऊन खरं सांगायचं, हात जोडायचे, नारळ परत द्यायचा आणि चालू पडायचं. शहाणं माणूस हेच करतं. पण इंदूचं तोंड एवढंसं झालेलं मी पाहिलं होतं. मी ओटी घट्ट खोचली आणि गेले ओसरीवर!

गाडीतून एक जाडजूड गृहस्थ उतरत होते. डोक्यावर जरीची टोपी, सगळं अंग धुळीनं माखलेलं. मागून त्यांची बहीण, नाकात ही एवढी नथ. इंदूचे वडील हातातला साखरेचा डबा धरून तसेच उभे.

"तुमी कोन जी?"

"कोन म्हंजे? नागपूरची मंडळी. पाहायले आलो," ती बाई म्हणाली. "आमची मोटार रस्त्यात बिघडली."

"मंग हे कोन?"

सगळे माझ्याकडे वळले. मी खांबाला टेकून उभी होते. म्हटलं, "आम्हीही पाहायलाच आलो. तुमच्या आधी आलो. आम्हाला पसंत आहे, ओटी भरून झाली, साखर तोंडात पडली."

सांगा, यात एक तरी शब्द खोटा होता का? भाऊजींना ठसका लागला तेवढा.

ती बाई मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, "हे सर्व्हिस मोटारीतनं उतरलेले लोक? कोंबडीची पिसं चिकटून राह्यली पदराले! आमची घरची मोटार हाये."

"मग बैलगाडीतून का आलात?" मी म्हटलं.

गाडीवान खो खो हसला. बाईची नथ थरथरली. ती इंदूच्या वडिलांवर उलटली. "हे काय चालवलं मालगुजार? पोरगी काय बाजारातलं वांगं हाये, का जो आधी आला त्यानं उचललं? आमी दया करून येऊन राह्यलो, समजलं? तुमच्याजवळ आता राह्यलं काय? नुसतं पागोटं!"

इंदूच्या वडिलांनी साखरेचा डबा खाली ठेवला. पागोटं काढलं, झटकलं, आणि पुन्हा नीट डोक्यावर बसवलं.

"गाडी वळव रे," ते गाडीवानाला म्हणाले. "पाहुने जाऊन राह्यले."

गिरणीवाले काहीतरी पुटपुटले, बहीण पुष्कळच काही बोलली, पण गाडी वळली. घुंगरांचा आवाज दूर गेला. मला वाटलं, जिंकलं!

आणि इंदूचे वडील भाऊजींकडे वळले, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "जावईबापू, आता तुमीच आमची लाज राखली."

झालं का! आता खरं सांगण्यावाचून सुटका नव्हती. मी सांगितलं. मान ताठ ठेवून सांगितलं. नळ, शेजारीण, जीप, हाफिजभाई, इंजिन, गूळ घातलेला चुना… सगळं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हंजे उचलून घरी न्यावी म्हणून राह्यल्या होत्या, ते…"

"तुमचं घर," मी म्हटलं.

मालकीणबाईंनी डोक्याला हात लावला. माझी नजर फाटकाकडे, पळायला अंतर किती, त्यावर.

आणि तेवढ्यात भाऊजी खाकरले!

"वहिनी, मला वाटतं…" थांबले. मी म्हटलं, नेहमीसारखे थांबले. पण नाही! या वेळी ते पुढं म्हणाले, "मला वाटतं, मला पसंत आहे. मी पाहिली. तुम्ही तुळया पाहत होता तेव्हा."

काय सांगू! अंगावर काटा आला माझ्या. इंदूच्या वडिलांचा चेहरा उजळला, मालकीणबाईंनी हात जोडले, आणि मी मनातल्या मनात मांडवसुद्धा घातला. माझ्या चुकीतून सोनं निघालं! बघा म्हणावं सासूबाईंना!

"मले नाई पसंत."

दारात इंदू उभी होती. पदर अजून कमरेलाच.

"अवं!" आई ओरडली. "काऊन?"

इंदू भाऊजींकडे वळली. रागानं नाही हो, शांतपणे. "तुमाले माहीत होतं का नाई, का हे मोहटोला हाये म्हणून?"

भाऊजी खरं बोलणारे. म्हणाले, "हो. मैलाच्या दगडावर लिहिलेलं होतं."

"मंग बोलले काऊन नाई?"

"वहिनी म्हणाल्या उतरा."

"चुकीच्या गावी उतरून राह्यलो हे दिसते, तरी जो मानूस तोंड उघडत नाई, त्याच्यासंगं मी जल्मभर कुठी कुठी उतरू?"

भाऊजींनी मान हलवली, म्हणजे पटलंच त्यांना! तिच्या वडिलांना मात्र एकदम हसू फुटलं. म्हणाले, "बाई, एका दिवसात दोन स्थळं गेली. बसा, जेवून तरी जा."

जेवलो. काय करणार, भूक लागली होती. वाढता वाढता इंदूनं मला सांगितलं, तिला मास्तरीण व्हायचंय. मी तिच्या वडिलांना ताटावरूनच ऐकवलं, "शिकवा हो हिला! एवढी जीभ घरात ठेवून वाया घालवता?" पुढं ती खरंच ट्रेनिंगला गेली, असं माझ्या कानावर आलं. मला बरं वाटलं.

परतीची मोटार आली. हाफिजभाई मला पाहून उडालेच. "बाई! तुमी इथी? मी तिकडं गढीपाशी हाका मारून राह्यलो. मोहटोला म्हणून मी गळा फाडून ओरडलो होतो की!"

"अर्धंच ओरडलात," मी म्हटलं आणि जाऊन बसले. भाऊजी खिडकीपाशी बसून साऱ्या रस्ताभर जंगल पाहत होते. मी विचारलं, "वाईट वाटलं का?" तर खाकरले फक्त.

घरी पोचलो. दारात सासूबाई. माझ्या ओटीतला नारळ पाहून म्हणाल्या, "देवीले गेली होती का गढीले?"

मी काहीतरी जुळवत होते. काय सांगायचं, किती सांगायचं. आणि तेवढ्यात भाऊजी बोलले! जो माणूस जन्मभर "मला वाटतं"च्या पुढं गेला नव्हता, तो उंबऱ्यातच घडाघडा सुरू झाला. मोहटोला, पोहे, तुळया, ओटी, गिरणीवाला, इंदू, नकार. एकही गोष्ट गाळली नाही. आणि हे सगळं शेजारीण हंडा कमरेवर घेऊन ऐकतेय!

सासूबाई मट्‌कन खाली बसल्या.

"माह्या पोराले नकार? पोरीनं देल्ला?"

"हो, पण आपण काही रीतसर पाहायला गेलो नव्हतो," मी म्हटलं. माघार मी अजूनही घेतली नव्हती. "आणि मुलगी खरंच हुशार होती, सासूबाई. एका नजरेत माणूस ओळखला तिनं. अशी अक्कल वेळेवर यायला भाग्य लागतं!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. भाऊजींकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून म्हणाल्या, "खरं हाये वो बाई! तुले पाहायले आलो होतो, तवा हे अक्कल आमाले कुठी आली!"